पंपिंग ६० टक्के, तरी चढावर धाप: बीपीमुळे हृदयाचं भरणं कसं बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावातल्या आई, वय ६३. बीपी ११ वर्षांपासून. टेल्मिसार्टन ४० ची गोळी चालू, पण बरं वाटलं की मधूनमधून बंद. वर्षभरापासून घराकडचा चढ चढताना धाप लागते, शेतात वाकून भांगलताना जास्तच. बेळगावला नेऊन टू-डी इको केला. रिपोर्टमध्ये ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं ते, म्हणजेच पंपिंग) ६० टक्के, मधला पडदा १३ मि.मी., मागची भिंत १२ मि.मी., डावा वरचा कप्पा ४२ मि.मी., ई/ए ०.७ आणि खाली शेरा: ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन, म्हणजे हृदय सैल होऊन भरण्यातला दोष. इको करताना बीपी १६८/९६ होतं. मुलगा विचारतो, पंपिंग चांगलं आहे असं सांगितलं, मग दम कशाचा? आणि डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली आहे, ती खरंच लागेल का?

गोळी लागेल, आणि रोज लागेल. कारण पंपिंग हा हृदयाच्या कामाचा अर्धा भाग झाला. रक्त बाहेर ढकलायचं तर आधी ते आत यावं लागतं, आणि बरीच वर्षं बीपी अंगावर काढलेल्या माणसात आधी बिघडतं ते हे आत येणं. ईएफ ६० बघून घरचे निश्चिंत होतात आणि गोळी सुटते, हे फार वेळा घडतं.

नाडी मिनिटाला ७२ असेल तर एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद मिळतात. त्यातले ०.३ सेकंद आकुंचनाचे, उरलेले ०.५ सैल होऊन भरण्याचे. म्हणजे हृदय जास्त वेळ भरतच असतं. या अर्ध्या सेकंदातही टप्पे आहेत. आधी झडपा बंद असतानाच स्नायू सैल होऊ लागतो आणि आतला दाब झपाट्याने उतरतो. मग वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप उघडते आणि बरंचसं रक्त एकदम आत येतं. इकोवर ही पहिली लाट ‘ई’. थोडी उसंत, आणि शेवटी वरचा कप्पा आकुंचन पावून उरलेलं रक्त खाली ढकलतो. ही दुसरी लाट ‘ए’. निरोगी तरुण हृदयात या शेवटच्या ढकलण्याचा वाटा पाव भागाच्या आतबाहेर असतो. हृदय ताठर झालं की तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

सैल होणं आपोआप होतं असं वाटतं, पण त्याला ऊर्जा लागते. आकुंचनाच्या वेळी स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं. सैल व्हायचं तर ते परत साठ्यात खेचून न्यावं लागतं, आणि हे काम पेशीतले पंप एटीपी हे पेशीचं इंधन जाळून करतात. रक्तपुरवठा कमी पडला, स्नायू फार जाड झाला किंवा वय वाढलं की हे खेचणं मंदावतं. पहिली लाट बारीक होते आणि काम दुसऱ्या लाटेवर पडतं. तुमच्या आईंचा ई/ए ०.७ आहे तो यामुळेच: ई सेकंदाला ४८ सें.मी., ए ६९.

आता बीपी नेमकं काय करतं ते पाहू. महाधमनीतला दाब १२० ऐवजी १६०-१७० असेल तर डाव्या खालच्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. भिंतीवरचा ताण आतल्या दाबावर आणि कप्प्याच्या रुंदीवर अवलंबून असतो आणि भिंतीच्या जाडीने विभागला जातो. म्हणून हृदय ताण कमी करायला भिंत जाड करतं. पेशींमध्ये आकुंचनाचे धागे एकाशेजारी एक वाढत जातात, भिंत आतल्या बाजूला फुगते, पोकळी लहानच राहते. बायकांमध्ये भिंत ९ मि.मी. पर्यंत नॉर्मल, पुरुषांत १० पर्यंत. आईंचा १३ चा पडदा मध्यम प्रमाणात जाड झालेल्यांत मोडतो.

आपल्या भागात कुस्तीची परंपरा आहे, त्यामुळे पैलवानाच्या दंडासारखं हृदयही जाड झालं म्हणजे ताकदवान झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. व्यायामाने वाढलेल्या हृदयात पोकळीही मोठी होते आणि ते छान सैल होतं. बीपीने जाड झालेल्या हृदयात पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजनचे तंतू साठतात, म्हणजे एक प्रकारचे व्रण. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही जाड होतात आणि वाढलेल्या स्नायूला रक्त पुरत नाही, विशेषतः सगळ्यात आतल्या थराला. म्हणून बीपीच्या हृदयात दोन दोष एकत्र असतात: सैल व्हायला उशीर, आणि पूर्ण सैल झाल्यावरही ताणलं न जाणं. पहिला बराच सुधारतो. दुसरा, कोलॅजन एकदा पक्कं झालं की, हळूहळू आणि थोडाच.

ईएफबद्दलचा गैरसमज एका हिशेबाने सुटतो. कप्प्यात १०० मि.लि. रक्त भरलं आणि ६० बाहेर गेलं तर ईएफ ६० टक्के. ताठर, अरुंद कप्प्यात ७० च भरलं आणि ४२ बाहेर गेलं तरी ईएफ ६० टक्केच. टक्केवारी तीच, पण प्रत्येक ठोक्याला शरीराला १८ मि.लि. कमी मिळालं. बसून असताना एवढ्यात भागतं, चढावर भागत नाही.

दम लागण्याचं दुसरं कारण फुप्फुसांच्या बाजूला आहे. खालचा कप्पा सहज ताणला जात नसेल तर तेवढंच रक्त आत घालायला वरच्या कप्प्याला जास्त दाब लावावा लागतो. हा दाब साधारण ८ ते १२ मि.मी. (बीपीसारखाच पाऱ्याच्या मापात) असावा. वरच्या कप्प्यामागे थेट फुप्फुसांच्या शिरा आहेत, मध्ये झडप नाही, त्यामुळे तिथला दाब तसाच मागे जातो. चढ चढताना नाडी १२० वर गेली की एका ठोक्याला अर्धाच सेकंद उरतो आणि भरायला जेमतेम ०.२ ते ०.२५. सैल व्हायला मुळातच वेळ घेणाऱ्या हृदयाला ही घाई झेपत नाही. श्रमात हा दाब २५ किंवा त्यावर गेला की फुप्फुसं जड होतात आणि धाप लागते. दोन मिनिटं थांबलं की उतरते. विश्रांतीत केलेल्या इकोत यातलं बरंचसं दिसतच नाही. वाकून भांगलताना किंवा ओढ्यावर कपडे धुताना दम जास्त लागतो कारण वाकल्यावर पोट दाबलं जातं, छातीतला दाब वाढतो आणि आधीच काठावर असलेलं हृदय काठ ओलांडतं. ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांना निदानाला उपयोग होतो.

जास्त दाबाशी वर्षानुवर्षं झुंजून डावा वरचा कप्पा मोठा होतो. बायकांमध्ये ३८ मि.मी. पर्यंत नॉर्मल धरतात, आईंचा ४२ आहे. इको एका क्षणाचा असतो, पण वरच्या कप्प्याचा आकार अनेक महिन्यांच्या दाबाची नोंद असतो. रिपोर्टमध्ये मी तो आकडा आधी शोधतो. ताणलेल्या वरच्या कप्प्यातच पुढे एट्रियल फिब्रिलेशन सुरू होतं, म्हणजे नाडी अनियमित आणि बहुतेक वेळा जलद. मग दोन्ही बाजूंनी मार बसतो: वरच्या कप्प्याचं शेवटचं ढकलणं, ज्यावर ताठर हृदय ४० टक्के अवलंबून होतं, ते पूर्ण थांबतं, आणि भरायचा वेळही कमी होतो. कालपर्यंत घरकाम करणारी बाई एका रात्रीत फुप्फुसात पाणी भरून दवाखान्यात येते ती पुष्कळदा अशी. वर पक्षाघाताचा धोका, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी लागते. घरी मनगटावर नाडी बघायला शिका. ठोके वेडेवाकडे लागले तर त्याच दिवशी ईसीजी करून घ्या.

आता रिपोर्टबद्दल. ग्रेड १ म्हणजे सैल होणं मंद झालं आहे, पण स्वस्थ बसलेलं असताना दाब वाढलेला नाही. ई/ए ०.८ किंवा त्याखाली आणि ई चा वेग ५० किंवा त्याखाली असेल तर हा शेरा देतात. ई/ए २ किंवा वर असेल तर ग्रेड ३, म्हणजे दाब बराच वाढलेला. मधल्यांसाठी तीन खुणा पाहतात: सरासरी ई/ई-प्राइम १४ च्या वर, उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर, आणि वरच्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या प्रति चौ.मी. ३४ मि.लि. च्या वर. तीनपैकी दोन असतील तर ग्रेड २. ई-प्राइम म्हणजे स्नायू स्वतः किती वेगाने सैल होतो ते. पडद्याकडे ७ आणि बाहेरच्या भिंतीकडे १० च्या वर हवं. आईंचं ५ आणि ७ आहे, सरासरी ६. ४८ भागिले ६ म्हणजे ८, त्यामुळे बसल्या जागी दाब ठीक आहे.

इथे दोन फसगती होतात. एक, साठीनंतर ई/ए १ च्या खाली जाणं वयानेही होतं. बीपी नॉर्मल, भिंत नॉर्मल, वरचा कप्पा नॉर्मल, दम नाही, आणि फक्त ‘ग्रेड १’ लिहिलं आहे, अशा माणसाला मी हृदयरोगी म्हणणार नाही. दुसरी फसगत उलटी आणि जास्त घातक. दाब वाढला की ई पुन्हा उंच होते आणि ई/ए १.२ सारखा दिसू लागतो, अगदी निरोगी माणसासारखा. फक्त ई/ए लिहून ‘नॉर्मल’ म्हटलेला रिपोर्ट म्हणूनच अपुरा. ई-प्राइम, वरच्या कप्प्याचं आकारमान आणि त्या वेळचं बीपी लिहिलं आहे का बघा. १६८ बीपीवर काढलेले आकडे १२८ वर बदलू शकतात.

आईंच्या बाबतीत १३ ची भिंत आणि ४२ चा कप्पा असल्यामुळे हा नुसता वयाचा बदल नाही, बीपीनेच केलेलं नुकसान आहे. तरीही दम फक्त यामुळेच आहे असं गृहीत धरू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम, साखर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईसीजी एवढ्या तपासण्या हव्यातच. आपल्याकडे साठीतल्या बायकांचं हिमोग्लोबिन ८-९ असणं नवीन नाही, आणि तेवढ्यानेही चढावर धाप लागते. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक झाला असेल तर फुप्फुसाची फुंकर चाचणी करा. साखर असेल तर छातीत न दुखताही हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा अडथळा दमातून दिसतो, त्यामुळे तोही बघावा लागतो. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी १२५ च्या वर असेल तर हृदयावर ताण असल्याचा संशय बळावतो. लठ्ठ माणसात ती खोटी कमी येते, किडनी बिघडलेली असेल किंवा नाडी अनियमित असेल तर जास्त. शंका राहिलीच तर सायकल चालवायला लावून श्रमातला इको करतात. आणि एक विरळ गोष्ट: इकोत भिंत जाड पण ईसीजीतल्या रेषा लहान, दोन्ही हातांना मुंग्या येऊन मनगटाचं ऑपरेशन झालेलं, असं असेल तर भिंत बीपीने नव्हे, अमायलॉइड नावाच्या प्रथिनाने जाड झालेली असू शकते. त्याचे उपचार वेगळे आहेत.

उपचाराचं मूळ बीपी आहे. कोणती गोळी यापेक्षा बीपी किती उतरलं हे जास्त मोलाचं. २००७ च्या व्हॅलिड अभ्यासात भरण्याचा दोष असलेल्या बीपीच्या रुग्णांना एका गटात व्हॅलसार्टन दिलं, दुसऱ्या गटात इतर औषधं. दोन्हीकडे बीपी उतरलं आणि दोन्हीकडे स्नायूचं सैल होणं जवळपास सारखंच सुधारलं. २००८ च्या हायव्हेट अभ्यासात ८० वर्षांवरच्या लोकांना इंडापामाइड, गरज पडल्यास पेरिंडोप्रिल देऊन बीपी उतरवलं तेव्हा हार्ट फेल्युअर (हृदयाला शरीराची गरज न भागवता येणं) ६४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे वय झालं, आता काय फरक पडणार, हे बोलणं चुकीचं आहे. आईंचं लक्ष्य १३० च्या खाली आणि ८० च्या खाली ठेवावं, उठून उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल तर. उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने पडत असेल तर डॉक्टरांना कळवा.

मोजण्यात फार घोळ होतो. बस बदलून, धावपळ करत दवाखान्यात पोचल्यावर लगेच, स्वेटरच्या बाहीवरून, बोलत असताना मोजलेलं बीपी उपयोगाचं नाही. चहा, तंबाखू, मिश्री यांना अर्धा तास झालेला हवा. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून ५ मिनिटं गप्प बसावं, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. घरी ७ दिवस सकाळ-संध्याकाळ असं करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी नक्कीच आटोक्यात नाही; आईंचं लक्ष्य मात्र १३०/८० च्या खालीच. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. गावच्या आरोग्य केंद्राचं कार्ड कन्नडमध्ये, इको इंग्रजीत आणि घरच्यांचं वाचन मराठीत, अशी आपल्या सीमाभागाची स्थिती आहे. म्हणून एक साधी वही करा आणि तारीख, दोन आकडे, नाडी, वजन एवढंच आकड्यांत लिहा. ती खानापूर असो, बेळगाव असो की कोल्हापूर, कुठल्याही डॉक्टरला वाचता येते.

टेल्मिसार्टनवर दुसरी गोळी बहुतेक अम्लोडिपिन ५ किंवा क्लोरथॅलिडोन ६.२५ ते १२.५ असते. दोन्ही स्वस्त आहेत, अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन सरकारी आरोग्य केंद्रातही सहसा मिळतात. अम्लोडिपिनने घोट्याला सूज येते आणि घरचे घाबरतात की हृदयाचं पाणी आलं. फरक असा: गोळीची सूज संध्याकाळी वाढते, वजन फारसं वाढत नाही, दम वाढत नाही, आणि लघवीच्या गोळीने ती नीट उतरतही नाही. सोबत टेल्मिसार्टन असेल तर ही सूज कमी असते. क्लोरथॅलिडोनने वयस्क, बारीक बायकांचं सोडियम उतरू शकतं; दोन-चार आठवड्यांत रक्त तपासावं, आणि अचानक मरगळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर आधी तपासावं. एकादशीला किंवा श्रावणात उपवास म्हणून बीपीची गोळी सोडू नका. ती पाण्याबरोबर घेऊन उपवास करता येतो.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, सगळं धरून. घरात मोजायची सोपी रीत: ५ माणसांच्या घरात १ किलोचा पुडा किमान ४० दिवस पुरला पाहिजे, आणि त्यातही लोणचं, पापड, सांडगी मिरची, शेंगाचटणी, गोव्याकडून येणारी सुकी मासळी, बाजारचा खारा-शेव यांचं मीठ वेगळं. पुडा २० दिवसांत संपत असेल तर गोळ्या वाढवून फारसं साधणार नाही. भाकरीच्या आणि भाताच्या पाण्यात मीठ घालणं बंद करा, आमटी-भाजीत निम्मं करा. तोंडाला सवय व्हायला तीनेक आठवडे लागतात. उपवासाचं सैंधवही सोडियमचंच मीठ आहे, त्यात सूट नाही. पोटॅशियम घातलेलं ‘लो सोडियम’ मीठ चांगलं, पण टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर विचारल्याशिवाय नको.

आणि मिठापेक्षाही मला काळजी वाटते सलाईनची. अशक्तपणा आला, हातपाय गळाले की गावात ‘एक बाटली लावा’ म्हणण्याची पद्धत आहे. साध्या सलाईनच्या ५०० मि.लि. च्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. म्हणजे जवळजवळ दिवसाचं सगळं मीठ, अर्धा लिटर पाण्यासकट, थेट शिरेत. निरोगी हृदय ते पचवतं. ताठर कप्प्यात मात्र थोडं रक्त वाढलं की दाब खूप वाढतो, आणि दोन बाटल्या संपता संपता फुप्फुसात पाणी भरतं. जुलाब, उलट्या, रक्तस्राव असेल तर सलाईन लागतेच, पण नुसत्या थकव्याला अशा रुग्णांनी ती घेऊ नये. वहीच्या पहिल्या पानावर ‘हृदय ताठर आहे, सलाईन जपून’ असं कन्नड आणि इंग्रजीतही लिहून घ्या.

या ताठरपणाची उलटी बाजूही आहे. रक्त जास्त झालं तर दाब चढतो, तसं कमी झालं तर कप्पा भरतच नाही. पायाला सूज नाही, वजन वाढलेलं नाही, आणि तरी कोणी रोज दोन वेळा लघवीची गोळी देत असेल तर बीपी पडून चक्कर येईल, किडनी बिघडेल. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड हे पाणी साठलं तरच, लागेल तेवढं. सकाळी संडासहून आल्यावर, चहाआधी रोज वजन करा. ३ दिवसांत २ किलो वाढलं तर पाणी साठतंय. उन्हाळ्यात पोट बिघडून जुलाब झाले तर लघवीची गोळी त्या दिवशी चालू ठेवायची की नाही हे फोन करून विचारा.

दम, सूज आणि वाढलेला दाब सिद्ध झाला, म्हणजे नुसता इकोतला शेरा न राहता ईएफ चांगला असतानाचं हार्ट फेल्युअर झालं, तर एम्पाग्लिफ्लोझिन १० किंवा डापाग्लिफ्लोझिन १० साखर नसलेल्यांनाही देतात. २०२१ आणि २०२२ च्या मोठ्या अभ्यासांत यांनी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी केलं. डापाग्लिफ्लोझिन २०२० पासून आणि एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ पासून भारतात बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे खर्च उतरला आहे. लघवीच्या जागी बुरशी होऊ शकते, स्वच्छता ठेवावी. निर्जळी उपवास, उलट्या किंवा ऑपरेशनच्या आधी बंद ठेवावी लागते. स्पायरोनोलॅक्टोनचाही काहींना फायदा होतो, पण सुरू केल्यावर आठवड्याने आणि महिन्याने पोटॅशियम तपासलं नाही तर ते धोक्याचं. उलट, छातीत दुखत नसताना नुसत्या दमासाठी नायट्रेटची गोळी देऊ नये. २०१५ च्या अभ्यासात ती घेणाऱ्यांची हालचाल वाढण्याऐवजी कमी झाली. निव्वळ ग्रेड १ साठी वेगळी अशी गोळी नाही.

गुडघे आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅकच्या गोळ्या शरीरात मीठ धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि टेल्मिसार्टनचा जोर कमी करतात. पॅरासिटामॉल चालतं, पण पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम फार असतं. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यात आणि एकूणच आपल्याकडे बायकांमध्ये मिश्रीची सवय खोल आहे. दिवसातून चार-पाचदा मिश्री लावली की तितक्या वेळा निकोटिन नाडी आणि बीपी वर नेतं, म्हणजे हृदयाची भरायची वेळ तितक्या वेळा कापली जाते. मिश्री ‘दातांसाठी’ म्हणून बीपीच्या गप्पांत सांगितलीच जात नाही; डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. घोरणं मोठं असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा, रात्रीचं बीपी त्यानेच चढलेलं असू शकतं.

काम बंद करू नका. सपाटीवर रोज १० मिनिटांपासून सुरुवात करून ३० पर्यंत चालणं, आठवड्यातून ५ दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. श्वास रोखून घागरी, पोती उचलणं टाळा, त्या क्षणी बीपी फार वर जातं. भांगलणीला बसकट घेऊन बसा, वाकून सलग तास घालवू नका. बीपी नीट उतरेपर्यंत सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर किंवा राजहंसगडावर पायी चढायचं असेल तर आधी दाखवून घ्या. थंडीत बीपी चढतं. डिसेंबर-जानेवारीत वही जास्त नेमाने भरा.

रात्री आडवं झाल्यावर खोकला, उशी एकाची दोन-तीन करावी लागणं, झोपून तास-दोन तासांनी गुदमरून उठून बसणं, नाडी अचानक वेडीवाकडी होणं: यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. गुदमरून उठल्या तर आडवं करू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा, खिडकी उघडा, पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा, वही आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून घालण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तिने बीपी एकदम कोसळून पक्षाघात किंवा हार्ट अटॅक होऊ शकतो, करू देऊ नका.

आत्ता करायचं ते असं. दोन्ही गोळ्या रोज ठरलेल्या वेळी, एका आठवड्याची घरची नोंद, वर सांगितलेल्या रक्ततपासण्या, आणि चार आठवड्यांनी डॉक्टरांकडे. दर तीन महिन्यांनी इको करून पैसे घालवू नका; भिंतीची जाडी उतरायला सहा महिने ते वर्ष आणि कधी त्याहून जास्त लागतं. बीपी १३०/८० खाली वर्षभर टिकलं की एकदा करा, त्या दिवशीचं बीपी रिपोर्टवर लिहून घ्यायला सांगा, आणि १३, ४२ आणि ई-प्राइमची सरासरी ६ या तीन आकड्यांशी नवे आकडे जुळवून बघा. त्याआधी दम वाढला, सूज आली किंवा नाडी बिघडली तर मात्र लगेच करा.